संध्याकाळचा चेहरा

सकाळी यंत्राने तिला ओळखलं होतं. कॉलेजच्या दारात, नोटिसांच्या फळ्याशेजारी हजेरीचं ते यंत्र नुकतंच बसवलेलं. समोर उभं राहिलं की काचेत आपलाच चेहरा दिसे, त्याभोवती हिरवा चौकोन उमटे आणि आतली बाई गोड गळ्याने 'धन्यवाद' म्हणे. अलिबागेत रिक्षावाल्यापासून कोर्टाबाहेरच्या टायपिस्टापर्यंत सगळे सगळ्यांना चेहऱ्याने ओळखतात. तिथे हे यंत्र कशाला हवं होतं कोण जाणे. पण आतिफाला ते आवडे. ग्रंथालयात दिवसभर पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या बाईला दिवसातून दोनदा कुणी धन्यवाद म्हणावं ही काही लहान गोष्ट नव्हे. त्या संध्याकाळी मात्र चौकोन लाल झाला. 'चेहरा ओळखता आला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.' तिने डोक्यावरची ओढणी जरा मागे सारली, चष्मा काढला, हनुवटी वर केली. पुन्हा लाल. मागे रांग जमली. ऑफिसातल्या हर्षदला कुठल्याच रांगेत गप्प उभं राहता येत नसे. तो म्हणाला, "मॅडम, डोळे उघडा की पूर्ण." "उघडेच आहेत," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता शब्द घसरून नाकात गेले. "मग बरोबर आहे," हर्षद म्हणाला, "सकाळी मॅडम येतात आणि संध्याकाळी त्यांची बहीण घरी जाते. एका पगारात दोघी! प्रिन्सिपॉलना सांगायला पाहिजे." सगळे हसले. तीही हसली, निदान हसण्यासाठी जे करायचं असतं ते तिने केलं. काचेत तिला दिसलं, वरचा ओठ मधोमध उचलला गेलाय, दात दिसताहेत, पण ओठांचे कोपरे जागचे हलायला तयार नाहीत. परक्या माणसाला पाहून गुरगुरणाऱ्या कुत्रीचं तोंड असतं, तसं. आणि डावी पापणी अर्ध्यावर उतरलेली, दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आत जेवायला बसतो ना, तशी.

हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. वर्षभर ती त्याला दुःखाचा चेहरा समजत आली होती. गेल्या वर्षी मुरुडला अम्मी गेली तेव्हा आतिफाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कफनाचं कापड, आंघोळीचं पाणी, कोण कुठे बसणार, गल्फातल्या भावाला, झियानला फोन, सगळं तिनेच पाहिलं. बायका हुंदके देत होत्या आणि ती त्यांच्यासाठी चहाचे कप मोजून मागवत होती. अम्मीची धाकटी बहीण रेहानाखाला भिंतीला टेकून बसली होती. तिने शेजारणीच्या कानात, म्हणजे अख्ख्या माजघराला ऐकू जाईल असं म्हटलं, "शिकलेली पोर हाय. रडायचं पुस्तकात वाचते." आतिफाला त्यात खोटं काही दिसलं नाही. पुस्तकांत तिने आया मरताना पुष्कळ पाहिल्या होत्या आणि प्रत्येक वेळी तिला मनसोक्त रडू आलं होतं. मग काही आठवड्यांनी, दुपार कलली की पापणी उतरू लागली. बोलता बोलता आवाज विरायचा. भाकरीचे चार घास चावले की जबडा दमायचा, मग ती हनुवटीला हाताचा टेकू देऊन बसायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं, आईच्या आठवणीत बुडालीय बिचारी. ईदेला मुरुडला गेली तेव्हा खालाने तिला अशी बसलेली पाहिली आणि समाधानाने मान हलवली. "आता बसली माय पोरीच्या डोळ्यांत." खरं सांगायचं तर आतिफालाही ते बरं वाटलं होतं. न रडणाऱ्या बाईला रोज संध्याकाळी आपोआप एक शोक मिळत होता, शेवटच्या एसटीसारखा, कधी थोडा उशिरा पण यायचाच. सकाळी उठावं तर डोळे टक्क उघडे, आवाज खणखणीत, भूक सपाटून लागलेली. तेव्हा तिला आपलीच थोडी लाज वाटे. म्हणून दुपारची ती वाट पाही. माणसं निवांत वेळी डबा उघडून जुने दागिने बघतात, तशी ती आपली जड पापणी बोटाने चाचपून बघे. आहे. अम्मी आहे.

आणि आता हर्षदच्या त्या बहिणीने सगळा घोळ केला. रात्रभर तो विनोद डोक्यातून जाईना. दुःखाने चेहरा सुकतो, काळवंडतो. पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, असा ड्यूटी बदलतो का? ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली, त्याने तिला आठवड्यातून एकदा पनवेलहून येणाऱ्या डॉक्टर क्रांतींकडे पाठवलं. त्या मज्जातंतूंच्या डॉक्टर, आतिफापेक्षा तरुण, पायात रबरी चपला. त्यांनी तिला पंख्याकडे बघत राहायला सांगितलं, आणि तिच्या पापण्या हळूहळू उतरल्या, दोन्ही. मग म्हणाल्या, "आता काहीतरी बोलत राहा. न थांबता. पाढे म्हणा, काहीही." पाढे आठवेनात. तोंडात आली ती नावं, अम्मी लग्नघरात गायची ती, त्याच क्रमाने. करमअली, झियान, काशिफा... दहाबारा नावांनंतर आवाज नाकात गेला, आणखी काहींनंतर नुसता वारा उरला. "कोण ही सगळी?" "घरातली माणसं." "बरीच आहेत," डॉक्टर म्हणाल्या, आणि रबरी हातमोज्यात बर्फ भरून तिच्या डाव्या डोळ्यावर धरून बसल्या. खिडकीबाहेर कुणीतरी शहाळी फोडत होतं. थोड्या वेळाने त्यांनी हात काढला आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "बघा, बघा लवकर!" आरशात डावा डोळा लख्ख उघडा होता. गालावरून पाणी ओघळत होतं, पण ते बर्फाचं.

तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की कुणीतरी आपलं काही चोरलं. बर्फाने जातं ते दुःख कसलं? डॉक्टर क्रांती समजावत होत्या आणि ती ऐकत होती, चांगलं पुस्तक ऐकावं तसं. नस निरोप आणते. स्नायूच्या दाराला कुलुपं असतात आणि तो निरोप म्हणजे चावी. आपल्या शरीरात राखणदार असतात, जंतूंना अडवणारे; तुमच्या राखणदारांचा एक गैरसमज झालाय, त्यांना ती घरचीच कुलुपं परकी वाटायला लागलीत. त्यांनी त्यांत मेण भरून ठेवलंय. सकाळी चाव्या भरपूर असतात, एखादी तरी लागते. दिवसभर वापरून संध्याकाळी पुरत नाहीत. "आणि बर्फ?" "थंडीत चावी लवकर विरघळत नाही, कुलपाशी जास्त वेळ राहते. गोळीही तेच काम करते. गैरसमज काढायला मात्र वेळ लागेल. त्याचीही औषधं आहेत." रक्त तपासून नक्की करू, म्हणाल्या, छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते, तिचाही स्कॅन काढू. लहानपणी तिथे राखणदारांची शाळा भरते. घरातली एकेक वस्तू दाखवून शिकवतात, ही आपली, हिला हात लावायचा नाही. आतिफाने मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "आई गेल्यामुळे झालं का?" डॉक्टरांनी हो म्हणून टाकलं नाही हे तिला आवडलं. "सांगता येत नाही. कधी साध्या तापानंतर, कधी मोठ्या धक्क्यानंतर हे उघड होतं, कधी कशाहीशिवाय. मेंदू आणि राखणदार एकमेकांशी बोलत असतात, एवढं खरं. काय बोलले ते मला इथून ऐकू येत नाही."

तपासण्या झाल्या, आजाराचं नाव नक्की झालं, गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच संध्याकाळी आतिफाने एक अख्खी तांदळाची भाकरी खाल्ली, कालवणात बुडवून, मग दुसरी, आणि दुसरी चावताना तिला इतका आनंद झाला की ती एकटीच स्वयंपाकघरात उभ्याने जेवत राहिली. जबडा चालत होता! चावणं ही काय चैन आहे हे कुठल्या पुस्तकात आलंय? दुसऱ्या दिवशी यंत्राने हिरवा चौकोन काढला आणि ती त्या बाईला मोठ्याने "वेलकम" म्हणाली. हर्षद म्हणाला, "बहिणीला सोडलंत वाटतं मुरुडला?" रस्त्याने जाताना ती दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाची, उगाच, 'श' आणि 'ष' नीट येताहेत का पाहायला. आणि या सगळ्या आनंदाच्या बुडाशी, शहाळ्याच्या तळाशी पातळ मलई असावी तशी, एक शंका चिकटून होती. वर्षातलं किती अम्मीचं होतं आणि किती मेणाचं? गोळी घेतल्यावर जे उरतं ते माझं दुःख, असं मानलं तर उरतं काय? भाकरी उरते, भूक उरते, 'श' आणि 'ष' उरतात. अम्मी कुठाय?

काशिफाचा फोन आला तो अशाच एका सकाळी. काशिफा म्हणजे करमअलीभाईची, मोठ्या भावाची मुलगी. नागावच्या कैसशी तिचं लग्न ठरलं होतं. "फुफी, हळदीला उचल तू करायची. दादी न्हाय तर तू. अब्बा म्हणतात स्पीकर लावू, पेनड्राइव्ह आणलाय त्यांनी. मी सांगितलं, पेनड्राइव्हला आपल्या घरातली नावं येतात का?" आतिफा म्हणाली, "मला संध्याकाळी आवाज नसतो गं." "मग गोळी खाऊन ये. सीरियसली, फुफी, दुसऱ्या कुणाला क्रम येत नाही." आणि ते खरंच होतं. त्यांच्या मोहल्ल्यात हळद लागताना नावांचं गाणं म्हणतात. एक बाई नाव उचलते, बाकीच्या विचारतात काय आणलं. ती सांगते, त्या झेलतात. घरातला प्रत्येकजण नवरीच्या दारी काही ना काही आणतो, नारळ, हळद, दुबईचं अत्तर, आणि एकही नाव गाळायचं नसतं. ज्याचं गळलं त्याला रुसायचा हक्क, आणि हा हक्क मुरुडात कुणी वाया घालवत नाही. उचलणारीने स्वतःचं नाव मात्र घ्यायचं नसतं. ते शेवटी दुसरीने उचलायचं. अम्मी पन्नास लग्नांत उचलत आली आणि तिच्या हातून चूक एकदाच झाली, करमअलीभाईच्या हळदीला. थेट गल्फातल्या चुलत दिराच्या मेहुण्यापर्यंत पोचली आणि मांडीला मांडी लावून बसलेली सख्खी बहीण राहिली. रेहानाखाला त्या दिवसापासून अम्मीच्या घरचं सांदण तिथे बसून खात नसे. डब्यात भरून घरी न्यायची आणि घरी खायची. अम्मी म्हणायची, "अगो, इतकी जवळ होतीस, दिसलीसच न्हाय!" खाला म्हणायची, "व्हय तर. लांबचं बरं दिसतं तुला." मुरुडच्या गाडीत खिडकीशी बसून आतिफाला हे आठवलं आणि ती एकटीच हसली, नीट हसली, दोन्ही कोपऱ्यांनी. मांडीवर बसून ते गाणं ऐकणाऱ्या पोरांना हीच शाळा होती, हा आपला, ही आपली. आणि त्या शाळेतही सगळ्यात जवळची तेवढी सुटून गेली होती.

हळद दुपारी होती, म्हणून ती निर्धास्त होती. गोळी वेळ बघून घेतली, आवाज खणखणीत, डोळे उघडे. पण नागावहून कैसच्या बहिणी निघाल्या त्या समुद्रावर आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकल्या. असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली तरी त्या आल्या नव्हत्या. लग्नघरात एकदा उशीर झाला की तो सगळ्यांच्या अंगी लागतो. कुणी वेणी घालायला बसलं, कुणी पुन्हा चहा टाकला. आतिफाला कळत होतं, आत कुठेतरी चाव्या संपत चालल्यात. दुसरी गोळी एवढ्यात घ्यायची नाही असं बजावलेलं होतं. प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या बाईशी बोलावं लागत होतं आणि प्रत्येक वाक्य गाण्यातून खर्च होत होतं. शेवटी पाहुण्या आल्या, नवरी पाटावर बसली, आणि डावी पापणी खाली आली. "फुफी, डोळा!" काशिफा ओरडली. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरलेले, ते आरतीसारखे वर धरून ती फर्मान सोडत होती, "बर्फ आणा! अब्बा, बर्फ!" करमअलीभाई पेनड्राइव्ह खिशात चाचपत दारात उभा होता. "सरबताचा संपला," तो म्हणाला. तेव्हा रेहानाखाला गुडघ्यांवर हात ठेवून उठली, मागच्या पडवीत गेली आणि सुरमईच्या पेटीतला बर्फ फडक्यात बांधून घेऊन आली. "हा इलाज कोनी सांगितलान?" "डॉक्टरांनी." "डॉक्टर कोळीन हाय काय?" म्हणत तिने तो गार, वशेळा गोळा आतिफाच्या डोळ्यावर दाबून धरला. बायका हसत होत्या. आतिफाच्या नाकात सुरमई, हळद आणि खालाच्या पदराला येणारा कापराचा वास एकदम शिरला, आणि तिला वाटलं, हेच जर मरण्याआधी शेवटचं हुंगायला मिळालं तर तक्रार नाही. "आता बोलू नको," खाला म्हणाली. "तुझी माय पन गान्याआधी बोलायची न्हाय. आम्हाला वाटायचं मिजास हाय."

डोळा उघडला. आवाज उघडेल का ते बर्फाच्या हाती नव्हतं. ढोलकी वाजली, आणि आतिफाने पहिलं नाव उचललं.

"रेहाना आयली गो—"

घरात अशी खसखस पिकली की ढोलकीवाली बाई ताल विसरली. "काय काय आनलान?" बायकांनी विचारलं. "सुरमईचा बर्फ—" "आनलान गो, नवरीच्या दारी आनलान!" खालाने तोंडावर पदर घेतला होता आणि पदर हलत होता. मग करमअली आयले, नारळाचे घोस आणले. झियान आयला, अत्तराची कुपी आणली. तिच्या लक्षात आलं ते चौथ्या-पाचव्या नावाला. तिने एक तुकडा टाकायचा, की चाळीस बायका तो झेलून घोळवत बसायच्या, आणि तेवढा वेळ ती गप्प. तेवढ्यात आत कुणीतरी चाव्या गोळा करून आणून ठेवत होतं. दमलेल्या माणसासाठीच बेतलेलं गाणं होतं हे. अम्मी मध्येच डोळे मिटून डुलायची ते सुरात नव्हे, दम खात होती की काय? पन्नास लग्नं! आतिफाला हसू आलं आणि तिने नाव उचललं, पुन्हा उचललं. आवाज नाकात जायला लागला तसा बायकांनी झेल थोडा लांबवला. कुणी कुणाला सांगितलं नाही. चुलते झाले, मावसभाऊ झाले, चुलत दिराचा मेहुणा वारला होता तर त्याच्या जागी त्याच्या मुलाचं नाव झालं. भिंतीला टेकलेल्या सासरच्या पोरीही झेलू लागल्या. एकही गळलं नव्हतं. नावं संपली, गाणं संपवायचं होतं, आणि तिच्या तोंडाने, तिला न विचारता, सवयीने पुढचं, अम्मीच्या गाण्यात शेवटी यायचं ते उचललं.

"सफूरा आय—"

आणि आवाज गेला. पूर्ण गेला, ओठ हलत राहिले. अम्मीचं नाव अधांतरी राहिलं. गेलेल्या माणसाचं नाव हळदीत कुणी घेत नाही. पण चाळीस बायकांचा गळा एका लयीत लागला होता, तो थांबला नाही, त्यांनी विचारलं, "काय काय आनलान?" ढोलकी वाजत राहिली आणि सगळ्या आतिफाकडे बघू लागल्या. गळा कुणी धरलाय, मेणाने की अम्मीने, हा इतक्या दिवसांचा प्रश्न तिच्यासमोर आला आणि, नवल म्हणजे, तिला तो दोन वेगळ्या माणसांबद्दल आहे असं वाटेना. डोळे भरून आले, दोन्ही. हे बर्फाचं नव्हतं. ती फक्त उत्सुक होती, आता काय होतंय याची, लहानपणी मांडीवर बसून असायची तशी. बायकांनी पुन्हा विचारलं, "काय काय आनलान गो?" तेव्हा शेजारून, मांडीला मांडी लावून बसलेल्या खालाने तोंडावरचा पदर काढला आणि फाटक्या, म्हाताऱ्या, कधी एक ओळही न उचललेल्या आवाजात म्हटलं,

"आतिफा आनलान गो!"

"आतिफा आनलान गो," बायकांनी झेललं, "नवरीच्या दारी आनलान!" पुन्हा, आणि पुन्हा, मेंदीचे हात वर धरून नवरीही गात होती, जे नवरीने करायचं नसतं, आणि करमअलीभाई दारात उभा राहून खिशातला हात बाहेर काढून टाळ्या वाजवत होता. आतिफा हसली. सगळं अंग हसत होतं, म्हणून चेहऱ्यालाही सांगून पाहिलं. ओठ मधोमध उचलला गेला, दात दिसले, कोपरे जागेवर राहिले. कैसची धाकटी बहीण जरा मागे सरकली. खालाने तिच्या गुडघ्यावर थाप मारली.

"भिऊ नको गो," ती म्हणाली. "हसते हाय ती. आमच्या घरात संध्याकाळचं असंच हसतात."